वाडग्याभोवतीचे हात : फळांच्या साल्साचा एक इतिहास

खाद्यपदार्थांच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात दोन प्रवृत्ती ठळकपणे दिसतात. एक मूळस्थान शोधण्याची : अमुक पदार्थ मूळचा कोणाचा, तो कोणी कोणाकडून घेतला आणि त्यावर खरा हक्क कोणाचा. दुसरी हळहळीची : पूर्वीची चव उरली नाही, पूर्वीचे पदार्थ उरले नाहीत. दोन्ही प्रवृत्तींना आपापली कारणे आहेत. परंतु त्या दोहोंतही एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो पदार्थ रोज करणारी, वाटणारी, भाजणारी, बाजारात बसून विकणारी माणसे कोण होती? त्यांची नोंद कोठे झाली, आणि कोठे पुसली गेली?

हा प्रश्न विचारण्यासाठी प्रस्तुत लेखात मुद्दामच एक हलकाफुलका, कोणाच्याही अस्मितेला धक्का न लावणारा पदार्थ निवडला आहे. अमेरिकेतील घरगुती मेजवान्यांत ‘फ्रूट साल्सा’ आणि ‘सिनॅमन चिप्स’ अशी एक जोडी असते. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना ती अपरिचित नसेल. कृती अगदी सोपी. दोन सफरचंदे, दोन किवी आणि पाव किलो स्ट्रॉबेरी यांचे डाळिंबाच्या दाण्याएवढे बारीक तुकडे करायचे; त्यांत दोन चमचे साखर, एका लिंबाच्या फोडीचा रस आणि दोन-तीन चमचे जॅम घालून वाडगा थंड जागी ठेवायचा. साखरेने फळांना पाणी सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत तुकडे आपल्याच रसात बुडतात. तोवर मैद्याच्या टोर्टियांना (या आपल्या पातळ पोळीच्या जवळच्या) दोन्ही बाजूंनी लोणी लावायचे, दालचिनीची पूड मिसळलेली साखर भुरभुरायची, प्रत्येकीचे आठ त्रिकोण कापायचे आणि १७५ अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटे ओव्हनमध्ये भाजायचे. बाहेर काढताना ते जरा मऊच असतात. पूर्ण निवले की कुरकुरीत होतात. मग लाल-हिरव्या-पांढऱ्या तुकड्यांनी भरलेला वाडगा मध्ये आणि त्रिकोण भोवती मांडायचे. पाहुण्यांनी त्रिकोणावर फळे उचलून खायची.

पदार्थ एवढाच. पण त्याच्या नावातला पहिला शब्दच आपल्याला थांबवतो.

‘साल्सा’ हा स्पॅनिश शब्द लॅटिनमधील मिठाच्या शब्दावरून आला. ‘साल्सा’ म्हणजे खारवलेले. इंग्रजीतील ‘सॉस’ आणि ‘सॅलड’ हे शब्दही त्याच मिठाचे. म्हणजे साखर घातलेल्या फळांच्या वाडग्याला आपण ‘खारट’ म्हणत आहोत. या विसंगतीत गंमत आहे, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आज ज्याला जग साल्सा म्हणते त्या वाटणाला स्पॅनिश माणूस मेक्सिकोत पोचण्यापूर्वी दुसरे नाव होते. नाहुआत्ल भाषेत त्याला ‘मोल्ली’ म्हणत. मिरचीची मोल्ली ती ‘चिलमोल्ली’, अव्होकॅडोची ती ‘आहुआकामोल्ली’. या दुसऱ्या शब्दाचेच पुढे ‘ग्वाकामोले’ झाले. ज्या तीन पायांच्या दगडी खलात हे वाटण होई त्याचे नाव ‘मोल्काशित्ल’, म्हणजे मोल्लीचे भांडे; आज मेक्सिकोत त्यालाच ‘मोल्काहेते’ म्हणतात. मका वाटण्याचा दगड ‘मेताते’ तर आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ शोभावा असा. वरवंटा, गुडघ्यांवर बसलेली बाई, पुढे-मागे जाणारे खांदे, सगळे चित्र ओळखीचे.

फ्रान्सिस्कन पंथाचा अलोन्सो दे मोलिना याने १५५५ साली आणि मग विस्तार करून १५७१ साली नाहुआत्लचा मोठा कोश प्रसिद्ध केला. अशा कोशांना आपल्या भाषेतला जवळचा शब्द समोर ठेवावाच लागतो, आणि मोल्लीसमोर स्पॅनिशमध्ये साल्सासारखाच शब्द येणार. अनुवाद म्हणून त्यात चूक काही नाही. मात्र जिंकणाऱ्याच्या भाषेत होणाऱ्या अनुवादाचे एक वैशिष्ट्य असते : अनेक निरनिराळ्या वस्तू एका सोयीच्या शब्दाखाली येतात आणि हळूहळू तो सोयीचा शब्दच वस्तूचे नाव होऊन बसतो.

त्या अनेक वस्तू कोणत्या होत्या याची साक्ष सुदैवाने शिल्लक आहे. बर्नार्दिनो दे साहागुन हा दुसरा फ्रान्सिस्कन १५२९ साली मेक्सिकोत आला. त्लातेलोल्को येथे १५३६ साली स्थापन झालेल्या विद्यालयात शिकलेल्या नाहुआ विद्वानांच्या साहाय्याने त्याने बारा खंडांचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. एका स्तंभात नाहुआत्ल, दुसऱ्यात स्पॅनिश आणि मध्ये चित्रे. ही प्रत पुढे फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात गेली म्हणून ती ‘फ्लॉरेन्टाइन कोडेक्स’ या नावाने ओळखली जाते. तिच्या दहाव्या खंडात बाजारातील विक्रेत्यांची वर्णने आहेत. टोमॅटो विकणाऱ्याकडे मोठे, लहान, हिरवे, गोड अशा किती तऱ्हांचे टोमॅटो असत. तयार खाणे विकणाऱ्याकडे टोमॅटोचे, धुरावलेल्या मिरचीचे, पिवळ्या मिरचीचे, भोपळ्याच्या बियांचे, अव्होकॅडोचे असे किती प्रकारचे वाटण असे, याची यादीच तेथे दिली आहे. चांगला विक्रेता कोण आणि नासका, ठेचाळलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा वाईट विक्रेता कोण, हेही सांगितले आहे. बाजार ज्याने पाहिला आहे त्याला हे वर्णन वाचताना भाजी मंडईतला आवाज ऐकू यावा, इतके ते जिवंत आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकाला एक अडचण जाणवते. नाहुआत्लमध्ये व्याकरणिक लिंग नाही. त्यामुळे हे वाटण विकणारा पुरुष की स्त्री हे मूळ वाक्यावरून ठरत नाही. अनुवादकाला मात्र निवड करावीच लागते. मराठीत तर क्रियापदापर्यंत ती पोचते. ‘विकतो’ म्हणावे तर बाजारातली अर्धी माणसे नाहीशी होतात. वाटणाचे काम बायकांचे होते आणि त्या काळच्या बाजारांत बायका विक्रीला बसत, हे चित्रांवरून व इतर वर्णनांवरून स्पष्ट आहे. तेव्हा मराठीत ‘विकते’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल, असे माझे मत आहे.

या ग्रंथाची निर्मितीही विसरू नये अशी आहे. १५७६ साली मेक्सिकोच्या खोऱ्यात मोठी साथ आली. ग्रंथाचे लेखन आणि चित्रण तिच्या छायेतच चालू राहिले. आणलेले रंग संपले आणि शेवटच्या भागांतील पुष्कळ चित्रे रंगांवाचूनच राहिली. मजकूर तयार करणाऱ्या आंतोनियो वालेरियानो, अलोन्सो वेगेरानो, मार्तीन हाकोबिता, पेद्रो दे सान बुएनाव्हेन्तुरा या नाहुआ सहकाऱ्यांची नावे साहागुनने स्वतः नोंदवली आहेत. त्या काळाच्या मानाने हे औदार्यच म्हटले पाहिजे. पण ज्यांच्या हातचे वाटण त्यांनी वर्णिले त्या विक्रेतीचे नाव मात्र त्यांनाही विचारावेसे वाटले नाही. आपल्या वाडग्याच्या इतिहासातील हे पहिले रिकामे स्थान.

आता फळांकडे वळू. फळांचा साल्सा ही केवळ अमेरिकन लहर आहे असे कोणी म्हणेल, तर ते अर्धेच खरे. मेक्सिकोच्या हलिस्को प्रांतात ‘पिको दे गायो’ म्हणून जे मिळते त्यात हिकामा नावाचा पांढरा रसाळ कंद, संत्री, काकडी यांच्या फोडींवर मीठ, लिंबू आणि मिरचीपूड घातलेली असते. युकातानमध्ये याच जातीच्या पदार्थाला ‘शेक’ म्हणतात. म्हणजे चिरलेले फळ आणि तिखट यांची जोडी तेथे रुळलेली आहे. पेरूच्या फोडीला तिखट-मीठ लावून खाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटायचे कारण नाही. किंबहुना आपल्या त्या फोडीतला पेरू आणि मिरची हे दोघेही अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते भारतात आले आणि गोवा हे त्यांच्या प्रवेशाचे एक मुख्य दार होते. हलिस्कोच्या फोडीतली संत्री आणि लिंबे मात्र आशियातली. ती स्पॅनिशांनी तिकडे नेली. दोन खंडांनी एकमेकांची फळे आणि तिखट घेतले आणि दोन्हीकडच्या शाळकरी पोरांनी ते शाळेबाहेरच्या गाडीवर आपलेसे केले. कोणाचे काय, हा प्रश्न त्या पोरांना पडत नाही, आणि तो न पडण्यात काही वावगेही नाही.

फरक पडला तो गोडाने. मिरची जाऊन साखर आली, मीठ जाऊन जॅम आला, तेव्हा तो मेक्सिकोचा पदार्थ राहिला नाही. साखरेचा हा प्रवास आपल्या दारावरून गेलेला आहे. ऊस न्यू गिनीकडचा. पण उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात वाढली, आणि ‘शर्करा’ व ‘खंड’ या संस्कृत शब्दांची रूपे घेऊन ती इराण, अरबस्तान, स्पेन असे मुक्काम करीत गेली. १४९३ साली कोलंबसने आपल्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून उसाची कांडी कॅरिबियन बेटांत नेली. त्यानंतरचे साडेतीनशे वर्षांचे वृत्त परिचित आहे. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य उसाच्या मळ्यांच्या प्रदेशांत उतरवले गेले. सिडनी मिन्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या गोडीचा आणि सत्तेचा संबंध उलगडून दाखवला आहे. त्याची पुनरावृत्ती येथे नको. दोन चमचे साखर, असे आपण कृतीत सहज लिहितो. तो सहजपणा या इतिहासाने मिळवून दिला आहे, एवढे लक्षात असले म्हणजे झाले.

वाडग्यातील फळेही अशीच दूरदूरची. सफरचंद मध्य आशियातल्या तिएन शान पर्वताच्या उतारांवरचे. स्ट्रॉबेरीची गोष्ट जास्त बोलकी आहे. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी निसर्गात कोठेही नव्हती. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच अधिकारी १७१२ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची टेहळणी करण्यास गेला. चिलीत मापुचे लोकांनी मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी कित्येक पिढ्या जोपासलेली होती. तिची रोपे घेऊन तो १७१४ साली फ्रान्सला परतला. लांबच्या प्रवासातून थोडीच रोपे वाचली, आणि नेमकी ती सगळी मादीफुलांची. त्यामुळे फळ धरेना. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीच्या शेजारी ती लागली तेव्हा संकर झाला, आणि आंतुआन निकोला द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली त्या संकराची उपपत्ती मांडली. फ्रेझिए आणि द्युशेन यांची नावे वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आहेत आणि असावीत. पण फळ मोठे केले ते मापुचे बागाईतदारांनी. या संकराचीच वंशज असलेली स्ट्रॉबेरी इंग्रजांमार्फत महाबळेश्वरला आली आणि २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ म्हणून तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याचे कष्ट आणि तेथली हवा यांचा हा न्याय्य सन्मान होय. त्याच फळाच्या मागे उभ्या असलेल्या चिलीतल्या हातांना मात्र कोणतेच मानांकन नाही. ‘मूळ कोणाचे’ या प्रश्नाची मर्यादा येथे दिसते : मानांकन एका ठिकाणाला मिळते, घडण अनेक ठिकाणी झालेली असते.

किवीच्या बाबतीत तर नावच बदलले गेले. हे फळ चीनमधले. तेथे त्याला माकडाचे पीच अशा अर्थाचे नाव आहे. इसाबेल फ्रेझर या न्यूझीलंडच्या मुख्याध्यापिकेने १९०४ साली चीनमधील यीचांगहून त्याच्या बिया आणल्या. न्यूझीलंडमध्ये ते ‘चायनीज गूजबेरी’ म्हणून वाढले. अमेरिकेत निर्यात करायची वेळ आली तेव्हा ते नाव गैरसोयीचे वाटू लागले आणि १९५९ साली टर्नर्स अँड ग्रोअर्स या व्यापारी कंपनीने ‘किवीफ्रूट’ हे नाव पुढे आणले. केसाळ तपकिरी फळाला न्यूझीलंडच्या पक्ष्याचे नाव मिळाले, आणि एका शब्दाच्या बदलाने फळाचा देश बदलला.

आता त्या कुरकुरीत त्रिकोणांचा विचार करू. येथे इतिहास अधिक गंभीर होतो. टोर्टिया मूळची मक्याची. मेक्सिकोच्या स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवीत, सकाळी तो धुऊन पाट्यावर वाटीत. या क्रियेला नाहुआत्लवरून ‘निश्तामाल’ म्हणतात. चुन्याने दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येऊन भाकरी थापता येते, आणि मक्यात बांधून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. यातले शेवटचे कारण त्या स्त्रियांना रसायनशास्त्राच्या भाषेत माहीत नव्हते. पण क्रिया पक्की होती आणि ती आईकडून मुलीकडे जात होती.

स्पॅनिशांनी मका युरोपात नेला. चुन्याची क्रिया नेली नाही. दाणा महत्त्वाचा, बायकांचे कूटणे-वाटणे कशाला नोंदवायचे, अशीच ही वृत्ती असावी. परिणाम भयंकर झाला. जेथे जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर अवलंबून राहिले तेथे तेथे एक विचित्र रोग पसरला : उन्हाने कातडी सोलवटते, पोट बिघडते, पुढे भ्रम होतो आणि माणूस मरतो. स्पेनमधील अस्तुरियासच्या गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. उत्तर इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने हजारोंचे बळी घेतले. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून झगडून दाखवून दिले की हा संसर्ग नाही, निकृष्ट आहाराचा परिणाम आहे. आणि १९३७ साली नायसिनचा पुरावा मिळाला. जे ज्ञान मेक्सिकोतल्या कोणत्याही खेड्यातल्या बाईच्या हातात होते ते नव्याने शोधून काढायला युरोप-अमेरिकेच्या विद्वानांना दोनशे वर्षे लागली. करणाऱ्या हातांची नोंद न करणे हा केवळ कृतघ्नपणा नसतो. त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, हे सांगणारे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आपले त्रिकोण मात्र गव्हाचे. स्पॅनिश लोकांना मक्याची भाकरी हलकी वाटे. शिवाय चर्चच्या प्रसादासाठी गहूच हवा होता. मेक्सिकोत पहिला गहू पेरल्याचे श्रेय ज्याने आपल्याकडे घेतले तो खुआन गार्रिदो हा आफ्रिकेत जन्मलेला, स्पॅनिश सैन्याबरोबर आलेला कृष्णवर्णीय सैनिक होता. १५३८ साली राजाकडे केलेल्या अर्जात त्याने आपल्या या कामगिरीचा उल्लेख केला आहे. मोबदला मिळावा म्हणून केलेला अर्ज जपला गेला, म्हणून आपल्याला त्याचे नाव माहीत. उत्तरेकडे सोनोराच्या बाजूस गहू चांगला पिकला आणि तेथे मैद्याची टोर्टिया रुळली. गव्हाची पातळ पोळी तळून तिच्यावर दालचिनी-साखर घालण्याची रीतही तेथे आहे. नाताळात खाल्ल्या जाणाऱ्या या ‘बुन्युएलो’चे कूळ स्पेनच्या मुस्लिम काळातील तळणीच्या पदार्थांशी जोडले जाते. आपल्या शंकरपाळ्याचे नाव फारसी ‘शकरपारा’वरून आले आहे, हे आठवले की पीठ, तळण आणि साखर यांचे नाते किती लांब पसरले आहे याची कल्पना येते.

आणि दालचिनी. ‘दारचिनी’ म्हणजे चीनचे लाकूड. पण मेक्सिकोच्या स्वयंपाकघरातली पातळ, ठिसूळ, मंद वासाची ‘कानेला’ चीनची नाही, श्रीलंकेची आहे. तिच्या साली सोलण्याचे काम तेथील सलागम जातीवर वेठ म्हणून लादलेले होते. पोर्तुगीजांनी ही वेठ वाढवली. १६५८ नंतर किनारा ताब्यात घेणाऱ्या डचांनी ती आणखी कडक केली आणि चोरट्या व्यापाराला मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षा ठेवल्या. दालचिनीचा हव्यास किती होता, तर १५४१ साली गोन्सालो पिझारो किटोहून पूर्वेकडे ‘दालचिनीचा देश’ शोधत निघाला. त्याच्याबरोबर ओझी वाहायला नेलेले हजारो स्थानिक लोक त्या अरण्यात मेले. खरी दालचिनी तेथे नव्हतीच. आजच्या अमेरिकन स्वयंपाकघरातील पूड बहुधा इंडोनेशिया किंवा व्हिएतनामकडच्या जाड सालीच्या जातीची असते. बाटलीवर नाव तेच.

या सगळ्या वस्तू एका वाडग्याभोवती आल्या त्या विसाव्या शतकात, आणि त्या घडामोडीचे एक मोठे केंद्र टेक्सास राज्यातले सॅन अँटोनिओ हे शहर होते. १८८० च्या सुमारापासून या शहराच्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायका कंदील लावून, मेजे मांडून मिरचीचा रस्सा आणि इतर पदार्थ विकत. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. प्रवासी त्यांच्याविषयी लिहीत; स्टीफन क्रेनसारख्या लेखकाने १८९५ साली या शहराला भेट दिली तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिले. लिहिणारे त्यांच्या रूपाविषयी आणि रश्श्याच्या जहालपणाविषयी बोलत; नावे मात्र फार थोड्या जणींची नोंदली गेली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आरोग्याच्या नियमांचा बडगा उगारून नगरपालिकेने त्यांना हटवायला सुरुवात केली आणि १९४० च्या दशकारंभी त्या चौकांतून कायमच्या गेल्या.

याच शहरात १९३२ साली गुस्तावो ओल्गिन या मेक्सिकन माणसाने आपली मक्याच्या चिप्सची कृती आणि यंत्र चार्ल्स डूलिन याला १०० डॉलरना विकले. त्यातून ‘फ्रिटोज’ हा मोठा व्यवसाय उभा राहिला. याच शहरात १९४७ साली डेव्हिड पेस याने साल्सा बाटलीत भरून विकायला आरंभ केला. ती कंपनी १९९५ साली एक अब्जाहून अधिक डॉलरना विकली गेली. चौकात उघड्यावर असलेले वाटण आरोग्याला धोकादायक ठरले आणि दहा वर्षांच्या आत तेच बाटलीत बसून उद्योग झाले. कायदा वाटणाच्या विरुद्ध नव्हता, असेच म्हणावे लागते. ते विकणारी बाई तेवढी अडचणीची होती. १९९१ साली अमेरिकेत साल्सा आणि तत्सम मेक्सिकन सॉसची किरकोळ विक्री डॉलरांच्या हिशेबात केचपच्याही पुढे गेली. एखादा शब्द एवढा घरगुती झाला की त्याला कोणतेही विशेषण जोडता येते. ‘फ्रूट साल्सा’ या शब्दजोडीसाठी जमीन अशी तयार झाली.

त्रिकोणी चिप्सच्या बाबतीत एक सुखद अपवाद नोंदवला पाहिजे. रिबेका वेब कारान्सा या मेक्सिकोत जन्मलेल्या बाई आणि त्यांचे पती लॉस एंजलिसला टोर्टियांचा कारखाना चालवीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेथे यंत्रातून वाकड्यातिकड्या निघालेल्या टोर्टिया टाकून दिल्या जात. रिबेकाबाईंनी घरच्या एका समारंभासाठी त्यांचे त्रिकोण कापून तळले. लोकांना ते आवडले आणि पाकिटे करून विकले जाऊ लागले. शिळ्या भाकरीचा कुटका करणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला ही बुद्धी ओळखीची वाटेल. टोर्टिया वाया जाऊ नये म्हणून तळण्याची रीत मेक्सिकोत आधीही होती, त्यामुळे हा ‘शोध’ म्हणावा की नाही यावर वाद होऊ शकेल. पण १९९४ साली टोर्टिया उद्योगाने त्यांना पुरस्कार दिला, २००६ साली त्या वारल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिले, आणि म्हणून वाडग्याभोवतीच्या असंख्य हातांपैकी एका हाताला नाव आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग काय करायचे? फळांचा साल्सा खायचा नाही? तसे मुळीच नाही. पदार्थ बदलतात, प्रवास करतात, गोडाचे तिखट आणि तिखटाचे गोड होतात. हे थांबवता येत नाही आणि थांबवू नये. मिरचीवाचून ठेचा नाही, आणि मिरची परकी म्हणून ठेचा सोडा असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बदल म्हणजे चोरी नव्हे. आक्षेप आहे तो विसरण्याला, कारण विसरणे आपोआप घडत नाही. कोशातल्या सोयीच्या शब्दाने, व्यापाऱ्याने ठरवलेल्या नव्या नावाने, नगरपालिकेच्या हुकमाने ते घडवले जाते.

आणि भाषा जशी विसरते तशी ती जपतेही. आपण ‘अननस’ म्हणतो. हा शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचा. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला. काजूचेही तसेच. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, ज्यांचा समाज कोलंबसानंतर काही दशकांतच मोडून पडला. इंग्रजीने अननसाला पाइनचे फळ म्हणून आपल्या सोयीचे नाव दिले. मराठीने अजाणता का होईना, पण पिकवणाऱ्याचाच शब्द ठेवला. मंडईत अननसाचा भाव विचारणाऱ्याला तुपी लोकांविषयी काही ठाऊक नसते; तरी त्यांचा एक शब्द रोज त्याच्या तोंडी असतो. खाद्येतिहास लिहिणाऱ्याने या शब्दांच्या मागे जावे, आणि जेथे शब्दही उरला नाही तेथे निदान तेथे कोणीतरी बसलेली होती एवढे तरी लिहावे. त्लातेलोल्कोच्या बाजारातली वाटण विकणारी, सॅन अँटोनिओच्या चौकातली कंदील लावून बसलेली, चुन्याच्या पाण्यात मका भिजवणारी. त्यांची नावे आता मिळणार नाहीत. त्यांची जागा मात्र दाखवता येते.